पांदणीतून मुक्तिनाथकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. धान कापून झाला, हातात थोडे पैसे आले, की तुमसर, लाखनी, पवनीकडची तरुण मुलं विचारायला येतात, "दादा, मोटारसायकलनं मुक्तिनाथ करायचं आहे, किती दिवस लागतील?" आता किती दिवस लागतील हा खरं म्हणजे शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी गाडी कोणाच्या नावावर आहे, विमा कुठपर्यंत चालतो, आणि तुझ्या रक्तात काय आहे, हे तीन प्रश्न येतात. तिसरा प्रश्न ऐकून मुलं हसतात. त्याच्याकडे मी येणारच आहे, आणि तो भाग घरातल्या वडीलधाऱ्यांनीही लक्ष देऊन ऐकावा असा आहे.

आधी रस्त्याचा अंदाज घेऊ. भंडाऱ्याहून मुक्तिनाथ एका बाजूनं साधारण चौदाशे किलोमीटर पडतं. त्यातले हजार-अकराशे किलोमीटर आपल्याच देशातले: नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि मग सोनौलीची सीमा. ज्यांना नागपूरला वळसा घालायचा नाही, ते तुमसरवरून बालाघाट आणि तिथून सिवनी गाठतात. हा सगळा रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा आहे. यात साहस काही नाही, फक्त कंबर दुखते. ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांनी गाडी नागपूरहून रेल्वेनं गोरखपूरला पाठवावी, त्यात कमीपणा मानू नये. पार्सल कार्यालयात टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून द्यावं लागतं, एवढं लक्षात असू द्या.

सोनौलीपासून पोखरापर्यंत सिद्धार्थ राजमार्ग आहे, १८१ किलोमीटरचा. बुटवल सोडलं की लगेच डोंगर सुरू होतो आणि सिद्धबाबाच्या परिसरात वरून दगड कोसळतात. त्यासाठीच तिथे बोगद्याचं काम हाती घेतलं गेलं. पोखराहून बेनी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. खरी परीक्षा बेनीच्या पुढे आहे. बेनी ते जोमसोम हे जेमतेम पाऊणशे किलोमीटरचं अंतर, काली गंडकी नदीच्या काठाकाठानं. एका बाजूला ८,१६७ मीटर उंचीचा धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा, आणि त्यांच्या मधल्या खोल दरीतून आपली गाडी. या रस्त्याचे बरेच तुकडे आता पक्के झाले आहेत. पण पावसाळ्यात दरड येते, रस्ता खचतो, आणि काल डांबर होतं तिथे आज गोटे, चिखल आणि वाहतं पाणी असतं. हे पाऊणशे किलोमीटर आणि त्यापुढचे वीसेक, एवढ्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप आहे.

आता सीमेचं पाहू. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. त्यानुसार दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या देशात बऱ्यापैकी मोकळेपणानं राहता-फिरता येतं. पण ही मोकळीक माणसाला आहे, मोटारसायकलला नाही. ओळखीसाठी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. एकट्या आधार कार्डावर विसंबू नका. गाडीसाठी नेपाळच्या बाजूला, बेलहियाला, 'भन्सार' करावा लागतो. भन्सार म्हणजे जकात. जितके दिवस गाडी नेपाळात ठेवायची तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची, आणि वाहतूक खात्याचा परवाना घ्यायचा. खासगी गाडीला वर्षभरात एकूण तीस दिवसांची मर्यादा आहे. आपला वाहन परवाना तिकडे चालतो. गाडी मात्र स्वतःच्या नावावर असावी. ती वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असेल तर त्यांचं अधिकारपत्र हवं, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र जवळ असलेलं बरं. सोनौलीच्या गर्दीत, उन्हात उभं राहून वडिलांना फोनवर "सही करून फोटो पाठवा" म्हणण्यापेक्षा घरूनच कागद नीट करून निघणं सोपं.

इथे एक गंमत सांगतो. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे भन्सारची पावती आपल्याला वाचता येते. पण तारीख पाहून माणूस गोंधळतो, कारण नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. साल आपल्यापेक्षा सत्तावन्नच्या आसपास पुढे, आणि महिना एप्रिलच्या मध्यावर सुरू होणाऱ्या वैशाखापासून मोजलेला. पावतीवर शेवटचा दिवस कोणता लिहिला आहे, हे खिडकीवरच इंग्रजी तारखेत विचारून घ्या आणि पावतीच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. मुदत उलटली तर दंड पडतो, आणि तो सोसण्यासारखा नसतो. घड्याळही पंधरा मिनिटं पुढे करायचं असतं, आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.

विम्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठं दुर्लक्ष इथेच होतं. आपल्या मोटारसायकलचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. सोनौलीची कमान ओलांडली की तो कागद निव्वळ कागद राहतो. त्यावर उपाय आहे, आणि तो स्वस्तही आहे. विमा कंपनीकडे जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घेता येतं. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांसाठी तशी सोय मोटार विम्याच्या नियमांतच आहे. पॉलिसीवर तशी स्वतंत्र नोंद लेखी यायला हवी. एजंटनं तोंडी "चालतं हो" म्हटलेलं चालत नाही. ही काही आपल्याच नशिबी आलेली कटकट नाही. अमेरिकेतले मोटारसायकलवाले दक्षिणेला मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात वाळवंट तुडवायला जातात, तेव्हा त्यांनाही मेक्सिकोचा वेगळा विमा घ्यावा लागतो, अमेरिकेतला तिथे ग्राह्य धरत नाहीत. माणसाचा विमा निराळाच. प्रवास विमा घेताना त्यात दुचाकी चालवताना झालेला अपघात धरला आहे का, आणि किती उंचीपर्यंत, हे बारीक अक्षरांत असतं. तेच वाचायचं असतं. डोंगरात हात-पाय मोडला आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर होणारा खर्च दोन-चार एकराच्या शेतकऱ्याला कर्जात बुडवू शकतो.

आता रक्ताचा प्रश्न. भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी. साधारण अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, जेवण नको वाटणं ही पहिली लक्षणं. माणूस धडधाकट आहे, व्यायाम करतो, याचा यात काही संबंध नाही. उलट तब्येतीचा भरवसा असणारा माणूस घाईनं वर जातो आणि तोच सापडतो. लक्षणं दिसली की आणखी वर जायचं नाही. वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी दम लागू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. प्रतिबंधाच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, मित्रानं दिल्या म्हणून नव्हे.

हे झालं सगळ्यांचं. आपल्या पूर्व विदर्भासाठी एक वेगळी गोष्ट आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. ज्याला हा आजार आहे, म्हणजे ज्याच्या अहवालावर 'एसएस' लिहिलेलं असतं, त्याला तो बहुधा लहानपणापासून माहीत असतो. प्रश्न 'एएस'वाल्यांचा आहे. हे वाहक. त्यांना रोजच्या जगण्यात काहीही होत नाही. ते शेतात राबतात, कबड्डी खेळतात, पोलीस भरतीला धावतात. म्हणून कित्येकांनी तपासणीच केलेली नसते. पण उंचीवर प्राणवायू कमी पडला, त्यात थंडी, दमणूक आणि पाणी कमी पिणं यांची भर पडली, की वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. त्या प्लीहेच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. बरगडीखाली, पोटाच्या डाव्या बाजूला वर जोराची कळ येते. डोंगरातल्या दवाखान्यात ती कळ अपचनाची समजली गेली तर वेळ हातची जाते.

याचा अर्थ वाहकांनी जाऊच नये असा नाही. सगळ्यांना असं होत नाही, पुष्कळ वाहक उंचावर जाऊन सुखरूप येतात. पण आपण वाहक आहोत हे माहीत असून जाणं आणि माहीत नसताना जाणं यात फार फरक आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्याच्याही आधीपासून आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होत आली आहे. निघण्याच्या महिनाभर आधी ती करून घ्या. 'एएस' निघालं तर डॉक्टरांशी बोला, हळूहळू चढा, पाणी भरपूर प्या, आणि तो अहवाल खिशात ठेवून सोबत्याला सांगून ठेवा. 'एसएस' असेल त्यानं मुक्तिनाथचा नाद सोडावा, पोखरापर्यंत जाऊन फेवा तलाव पाहावा आणि परत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पोखरा नऊशे मीटरच्याही खाली आहे आणि तिथून हिमशिखरं दिसतात, यात काही कमी नाही.

म्हणूनच दिवसांचा हिशेब या उंचीवरून करायचा, किलोमीटरवरून नाही. मी असा बसवतो. तीन दिवसांत गोरखपूर. चौथ्या दिवशी सकाळी सीमा, आणि मुक्काम पाल्प्याला, म्हणजे तानसेनला. पाचव्या दिवशी पोखरा. सहावा दिवस पोखरातच: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढायचा, चेन आणि ब्रेक तपासून घ्यायचे. या परवान्यासाठी सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर आहे, तेव्हा ओळखपत्र दाखवा. सातव्या दिवशी कालोपानी, अडीच हजार मीटरवर. आठव्या दिवशी फक्त मार्फापर्यंत जायचं. हे गाव सफरचंदासाठी प्रसिद्ध आहे आणि दगडी गल्ल्यांतून फिरण्यासारखं आहे. अंतर इतकं थोडं, की मुलं म्हणतात, एवढ्यावर कशाला थांबायचं? शरीरासाठी थांबायचं. नवव्या दिवशी मुक्तिनाथ, एकशे आठ धारांचं दर्शन, आणि रात्री खाली कागबेनीला मुक्काम. दहाव्या दिवशी तातोपानी, अकराव्या दिवशी पोखरा, बाराव्या दिवशी सीमा, आणि पंधराव्या दिवशी घर. यात दरडीसाठी दोन दिवस जास्त धरा, म्हणजे सतरा. नेपाळातले दिवस नऊ होतात, भन्सार मात्र अकरा-बारा दिवसांचा घ्या. तिथे वाचवलेले दोन दिवसांचे पैसे बंद रस्त्यावर फार महाग पडतात. कागबेनीच्या पुढे उत्तरेला वरचं मुस्तांग सुरू होतं. तिथे भारतीयांनाही वेगळा परवाना लागतो आणि तो डॉलरमध्ये असतो. पहिल्या खेपेला त्याचा विचारही करू नका.

काली गंडकीच्या दरीत आणखी एक मालक आहे, वारा. दुपारकडे उन्हानं वरचं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि खालची हवा दरीतून जोरानं आत ओढली जाते. साधारण अकरानंतर मार्फा ते कागबेनीच्या मोकळ्या पात्रात वारा असा सुटतो की धुळीनं समोरचं दिसत नाही आणि हलकी गाडी बाजूला सरकते. त्यामुळे पहाटे निघा आणि अकराच्या आत मुक्काम गाठा. ओढे ओलांडायलाही सकाळच बरी, कारण रात्री बर्फ कमी वितळतं आणि पाणी उतरलेलं असतं. ओढा आधी पायी चालून पाहायचा. दगड कुठे, खड्डा कुठे, हे पायाला कळतं. मग पहिल्या गियरमध्ये, एका लयीत, मधे न थांबता पार व्हायचं. पाण्यात गाडी बंद पडली आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर बटण दाबू नका. गाडी बाहेर काढा, प्लग खोला, पाणी निघू द्या. नाहीतर इंजिन कायमचं जातं.

गाडी कोणती, असं विचारतात. मोठी गाडीच हवी असं काही नाही. नेपाळात आपल्याच बनावटीच्या गाड्या सगळीकडे धावतात, त्यामुळे दीडशे-दोनशे सीसीच्या रोजच्या गाडीचा सुटा भाग बुटवल-पोखराला सहज मिळतो, महागड्या परदेशी गाडीचा मिळेलच असं नाही. उंचीवर इंजिनाची ताकद घटते, दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्के. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं होऊन ती धूर टाकत रखडते. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत इंजेक्शन असल्यामुळे मिश्रण आपोआप जुळतं. सोबत क्लच वायर, चेनची लिंक, ट्यूब, पंक्चरचं सामान, फ्यूज, एक ब्रेकचा दांडा आणि एक क्लचचा दांडा एवढं असू द्या. आणि हे सगळं बदलता येणारा निदान एक जण टोळीत हवा. तीन किंवा चार गाड्या पुरे. दहा गाड्यांची वरात निघाली की कोणीतरी सतत मागे राहतो आणि सगळे वाट पाहत बसतात.

सराव कुठे करायचा? त्यासाठी लडाखला जायची गरज नाही. देवानं आपल्याला पांदण रस्ते दिले आहेत. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, त्यात गुडघाभर चिखल, याहून अवघड जागा काली गंडकीतही कमीच. चाकोरीत चाक सापडलं तर हँडलशी झुंजू नका, नजर दूर ठेवा, फुटरेस्टवर उभे राहा, गाडीला तुमच्या खाली हलू द्या. टायरमधली हवा थोडी कमी करा. पुढचा ब्रेक सैल गिट्टीवर दाबलात तर पडलातच. उतारावर इंजिनाचा ब्रेक आणि मागचा ब्रेक वापरायचा. गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या बाजूचे धुळीचे सार्वजनिक रस्ते धुळीच्या सरावाला चांगले आहेत, फक्त ट्रकना वाट द्या. कोका अभयारण्यात किंवा नागझिऱ्याकडच्या जंगलवाटांवर मात्र गाडी घालायची नाही. २०१३ पासून तो सगळा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, गुन्हा दाखल होतो, आणि व्हायलाच हवा. वैनगंगेच्या वाळूत जाल तर डांगरवाड्या सांभाळा. एका फेरीत एखाद्या घराचं उन्हाळ्याचं उत्पन्न चिरडलं जातं. आणि कोणाच्याही बांधीचा धुरा फोडून जाऊ नका.

सामान पूर्ण लादून, दोन दिवस, एक मुक्काम, अशी एक फेरी निघण्याआधी करावीच. त्यात कळतं की कोणाची बॅग सुटते, कोणाला रात्री गाडी चालवायची हौस आहे, आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. हे सीमेपलीकडे कळण्यापेक्षा अड्याळला कळलेलं बरं.

पैशांचं थोडक्यात. भारतीय शंभर रुपये म्हणजे नेपाळी एकशे साठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. २०१८ च्या अखेरीस नेपाळनं शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्यानंतर मोठ्या नोटांचे नियम सैल करण्याच्या दिशेनं पावलं पडली, पण डोंगरातल्या चहावाल्याला त्याच्याशी घेणं-देणं नसतं. शंभराच्या नोटा न्या आणि सीमेवर नेपाळी पैसे करून घ्या. २०२४ पासून काही दुकानांत आपलं यूपीआय चालू लागलं आहे, परंतु बेनीच्या पुढे त्याच्या भरवशावर राहू नये. तिकडचं सिम घ्या. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत नेपाळ पोलीस एका घोटाचीही सूट देत नाहीत, हे फार चांगलं आहे.

हंगाम दोनच: ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. पावसाळ्यात जाऊ नये, हे मी विनंती म्हणून सांगत नाही. १२ जुलै २०२४ रोजी नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या, त्यांत साठहून अधिक माणसं होती. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखराहून काठमांडूकडे निघालेली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातले वीसहून अधिक यात्रेकरू गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये निराळंच संकट आलं. तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, संचारबंदी लागली आणि हजारो भारतीय प्रवासी अडकले. अशा वेळी काठमांडूच्या भारतीय दूतावासाचा नंबर मोबाईलमध्ये असून भागत नाही, बॅटरी संपते. तो कागदावर लिहून हेल्मेटच्या अस्तरात ठेवा. त्याच कागदावर रक्तगट, सिकलसेलचा अहवाल, घरचा नंबर. घरीही मुक्कामांची यादी द्या आणि ठरवून घ्या, की रोज रात्री आठपर्यंत निरोप नाही आला तर एक दिवस वाट पाहायची. मुस्तांगात एखादी रात्र नेटवर्क नसतंच. दुसरी रात्रही गेली तर मुक्कामाच्या हॉटेलात फोन करायचा. हे आधी ठरलेलं असलं की आईचा जीव उगाच टांगणीला लागत नाही.

दसऱ्याचे दिवस तेवढे टाळा. तिकडे तो दशैं, सगळ्यात मोठा सण. गॅरेजवाला, हॉटेलवाला सगळे गावी जातात. त्यानंतरचा तिहार म्हणजे आपली दिवाळी, आणि तिच्यात त्यांचीही भाऊबीज असते. आपल्या घरची भाऊबीज करून निघालात तर हवा स्वच्छ, रस्ता वाळलेला आणि दुकानं उघडलेली मिळतात. परतताना सोनौलीला भन्सारची पावती दाखवून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्या, नाहीतर कागदोपत्री ती नेपाळातच राहते. आणि गोरखपूरला पोहोचल्यावर पहिल्यांदा एअर फिल्टर काढून झटका. त्यात काली गंडकीची ओंजळभर करडी धूळ असते, ती घेऊन पुढचे हजार किलोमीटर इंजिन पळवू नका.